भोंगाबाईची होडी

डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली, त्याच संध्याकाळी मुलाने गाडीची किल्ली आपल्या टेबलाच्या खणात टाकली आणि खणाला कुलूप लावलं. आईला त्याने हे अगदी गोड आवाजात सांगितलं. तिने ऐकून घेतलं, चहाचा कप उजव्या हाताने उचलला आणि म्हणाली, "कुलूप कशाला? मी काय चोर आहे?"

बाईचं उभं आयुष्य शहरातली बस चालवण्यात गेलेलं. डेपोत तिला भोंगाबाई म्हणत. बसचा हॉर्न बिघडला तरी तिचं अडत नसे. खिडकीतून डोकं काढून एकदा ओरडली की अख्खा चौक बाजूला व्हायचा. निवृत्त झाल्यावर मेंदूला झटका आला आणि ती स्वयंपाकघराच्या फरशीवर पडली. पुढे पाय सुधारले, जीभ सुधारली. जीभ तर पहिल्यापेक्षा तिखट होऊन आली, असं सुनेचं मत. डाव्या हाताची मूठ मात्र नुसतीच वळायची, तिच्यात जोर उरला नव्हता.

आता गाडी गेली याचं दुःख कुणाला नसतं? पण भोंगाबाईचं दुखणं वेगळंच होतं. तिची थोरली बहीण, ताई, तळ्याच्या पलीकडे नदीच्या वळणावर एकटी राहायची. ताईची नजर अधू झालेली, त्यामुळे ती कुठे जाऊ शकत नव्हती. तिच्याकडे जाणारा रस्ता टेकडीला लांबलचक वळसा घालून जायचा आणि त्या रस्त्यावरची बस तर केव्हाच बंद पडली होती. भोंगाबाई मनात आलं की गाडी काढून ताईकडे जायची. आता मनात आलं की मुलाला विचारायचं. मुलगा विमा कंपनीत, अपघातांची पाहणी करणारा. दिवसभर चेपलेल्या गाड्या बघून घरी यायचा आणि सोफ्यावर आडवा पडून म्हणायचा, "पुढच्या रविवारी बघू, आई."

पुढचा रविवार यायचा, आणि त्याच्याही पुढे आणखी एक रविवार असायचाच.

एकदा ती तळ्याकाठी बाकावर बसली होती. नदीच्या मुखातून एक मासे धरणारा माणूस पत्र्याच्या होडीतून आला. मागे छोटंसं इंजिन, तोंडात विडी, एक हात इंजिनाच्या दांड्यावर आणि दुसरा चक्क खिशात. भोंगाबाई त्या खिशातल्या हाताकडे बघत राहिली. मग उठली आणि धक्क्याजवळच्या होडीवाल्याच्या शेडमध्ये शिरली.

होडीवाला भला माणूस होता. होड्या विकायचा, दुरुस्तही करायचा. "एवढ्या छोट्या इंजिनाला परवाना लागत नाही, काकू," तो म्हणाला. "पण हाताचं काय ते आधी सांगा."

तिने मूठ पुढे केली. त्याने ती दाबून पाहिली आणि मान हलवली. "मग तुम्हाला स्टिअरिंगवालीच हवी. बटण दाबलं की सुरू. पोटात खोल आहे, म्हणून डुलत नाही. ती सपाट तळाची पत्र्याची नको. तिचं इंजिन दोरी ओढून सुरू करायचं आणि वळवायचं दांड्याने. दोन हातांचं काम आहे ते."

मुलाला कळलं तेव्हा घरात जे व्हायचं ते झालं. आदळआपट झाली, सुनेने मध्ये पडून पाहिलं, नातीने टीव्हीचा आवाज वाढवला. शेवटी मुलाने हात टेकले. "घ्यायचीच तर ती स्टिअरिंगवाली घे. आणि आधी चालवून बघ, मी बरोबर येतो."

चालवून बघायचं ठरलं. स्टिअरिंग हातात येताच बाईची पाठ ताठ झाली. एका हाताने तिने होडी अशी वळवली की होडीवाल्यानेही "वा काकू" म्हणून दाद दिली. मुलगा खुलला. फोटोबिटो काढले. तळं ओलांडून ती नदीत शिरली आणि वर निघाली. ताईचं घर दिसलं, अंगणातली वाळत घातलेली चादरही दिसली, आणि खालून खर्रकन आवाज आला.

घराच्या अलीकडे नदी पसरट होते आणि तळाचे गोटे वर येतात. होडी पोटावर बसली. होडीवाल्याने इंजिन घाईने बंद केलं. त्या शांततेत ताई काठावर आली. कपाळावर हात धरून ती भलत्याच दिशेला बघत होती.

"कोण आहे?"

"मी."

"मी म्हणजे कोण?"

"तुझी बहीण, दुसरं कोण?"

"मग ये की. तिथे काय करतेस?"

मधे एका रस्त्याच्या रुंदीएवढं पाणी होतं. "उतरून चालत जाते," म्हणून भोंगाबाई उठली, तर दोघांनी तिचे दंड धरले. खाली शेवाळलेले गोटे, पाण्याला ओढ. त्यांचं चुकत नव्हतं. पण दंड धरून परत बसवलं जाण्याची तिची ही पहिलीच वेळ, आणि तेही ताईसमोर. ताईला दिसलं नाही हेच काय ते नशीब.

"मावशी," मुलगा ओरडला, "पुढच्या रविवारी गाडीने येतो."

ताई मागे वळली. चादर चाचपून काढली आणि आत गेली.

दोघांनी वल्ह्याने रेटून होडी सोडवली. परतताना भोंगाबाई गप्प होती. ती गप्प असली की डेपोतली माणसंसुद्धा कामाला लागायची. धक्क्यावर उतरताच तिने होडीवाल्याला सांगितलं, "ती पत्र्याची द्या."

मुलाने कपाळाला हात लावला. "आई, तुझ्या हाताला झेपेल ती होडी नदीला चालत नाही, आणि नदीला चालेल ती तुझ्या हाताला झेपत नाही. म्हणजे विषय संपला ना?"

"हात माझा आहे. त्याला शिकवता येईल. नदीला कोण शिकवणार?"

"आणि पुन्हा झटका आला तर? तुला फरशीवरून कुणी उचललं? मी उचललं."

हे मात्र तिला लागलं. त्याचा आवाज कापत होता आणि ते नाटक नव्हतं. तिने उजवा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. "तुझी भीती खरी आहे, बाळा. पण ती तुझी आहे. तू सांभाळ. मला कशाला त्या भीतीत बसवून ठेवतोस?"

मुलाने शेवटचं अस्त्र काढलं. "पैसे?"

"गाडी विकली."

"विकली? किल्ली तर माझ्याकडे आहे."

"दुसरी किल्ली नसलेला ड्रायव्हर तू कुठे पाहिलास?" डेपोतला जुना मेकॅनिक सकाळीच गाडी घेऊन गेला होता. मुलगा रोज खणाचं कुलूप तेवढं ओढून बघत होता.

होडी आली आणि बाईची खरी फजिती सुरू झाली. दोरी ओढणं जमलं. मागच्या फळीला पाय टेकवून उजव्या हाताने हिसका दिला की इंजिन सुरू व्हायचं. बसायचीही तिने बाजू बदलली, म्हणजे दांडा उजव्या हाताला आला. पण दांडा उलटा चालतो. उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे जाते. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या हाताला हे कोण समजावणार? भोंगाबाई पूर्ण आत्मविश्वासाने डावीकडे वळायची आणि तितक्याच आत्मविश्वासाने उजवीकडच्या लव्हाळ्यात घुसायची. एकदा तर धक्क्यालाच धडकली आणि पत्र्याला पोचा पडला. गळ टाकून बसलेले लोक तिला येताना बघून गळ गुंडाळायला लागले. तिच्या डोक्यात बस होती आणि बुडाखाली होडी, त्याला बिचारी काय करणार?

मुलगा धक्क्यावर उभा राहून बघायचा.

युक्ती तिला सापडली ती रागाच्या भरात. लव्हाळं पुन्हा अंगावर आलं तेव्हा ती वैतागून खेकसली, "हो बाजूला!" आणि दांडा त्या लव्हाळ्याच्याच दिशेने ढकलला, माणसाला धक्का द्यावा तसा. होडी वळून लांब गेली. तिने पुन्हा करून पाहिलं. म्हणजे ज्याच्यापासून सुटायचं, त्याच्याकडे दांडा लोटायचा! मग तिला अडचण उरली नाही. लोटायला तिच्याकडे पुष्कळ जण होते. डावीकडे डॉक्टर, उजवीकडे विमा कंपनी, असं करत ती मोकळ्या पाण्यात सरळ निघाली.

ताईकडे निघाली त्या दिवशी लाइफ जॅकेट तिने घातलं. मुलासाठी तेवढं केलं. तो बरोबर येतो म्हणाला तेव्हा मात्र तिने धक्क्याला वल्हं लावून होडी लोटली, आणि तो काठावरच राहिला.

गोट्यांपाशी तिने इंजिन बंद करून उजव्या हाताने वर उचलून अडकवलं. वल्ह्याचा दांडा डाव्या काखेत दाबला. मुठीत नसला तरी काखेत जोर होता. उजव्या हाताने वल्हं तळाला रेटत ती ढकलत राहिली. पत्रा गोट्यांना घासायचा, थांबायचा, पुन्हा सुटायचा. दंड भरून आले, घामाने चष्मा घसरला, आणि तोंडातून जे बाहेर पडत होतं ते डेपोतच शोभलं असतं. त्या आवाजानेच ताई काठावर आली.

"छोटे, तूच ना? शिव्या ओळखल्या मी."

होडी गवतात घुसली. भोंगाबाई कुणी न धरता उतरली. ताईने आधी बहिणीचा चेहरा चाचपला, मग होडीची कड. हात फिरवत फिरवत पोच्यापाशी थांबली.

"ठोकलीस?"

"ठोकली."

"बरं झालं. आता तुझी झाली."

दोघी पायरीवर बसल्या, खांद्याला खांदा लावून. भोंगाबाईचा उजवा हात वल्ह्याने सोलवटला होता. ताईने तो आपल्या मांडीवर ओढून घेतला. तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता.

"पोचलीस ना? बरी आहेस ना? परत कधी येतेस?"

भोंगाबाईने नदीकडे पाहिलं, काठावरच्या आपल्या होडीकडे पाहिलं.

"पुढच्या रविवारी बघू," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.