बदक कोणी फाडलं

गेल्या रविवारी फोनवर धाकटी म्हणाली, "आजोबांनी माझं बदक फाडलं होतं." आजोबा माझ्या शेजारीच बसले होते, नुसते हसले. म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

त्या मे महिन्यात तुम्ही दोघं नातवंडं, थोरला आणि धाकटी, जबलपूरला आमच्याकडे आला होतात. धाकटी चार वर्षांची, पाण्याला घाबरणारी. सदर बाजारातून आणलेलं हवेचं पिवळं बदक कमरेत अडकवून ती आठवडाभर घरात हिंडत होती. ते असेल तरच पाण्यात उतरेन, एवढं तिनं कबूल केलं होतं. शेजाऱ्यांच्या क्लबातल्या पोहण्याच्या तलावात पाहुण्यांना फक्त शनिवारी सकाळी सात ते नऊ सोडत. रविवारी तुमची गाडी. म्हणजे संधी एकच, आणि गुरुवारी बदकानं मान टाकली.

आजोबांनी ते फुगवून टबातल्या पाण्यात दाबलं. शेपटीखालून बारीक बुडबुडे आले. इथवर ठीक होतं. मग त्यांनी सायकलच्या पंक्चरची डबी काढली आणि भोकाभोवती पॉलिशपेपर घासायला लागले.

"अहो, हे रबर नाही, प्लॅस्टिक आहे."

"तीस वर्षं सायकलनं कारखान्यात गेलो मी. पंक्चर काढायला मला नको शिकवू."

संध्याकाळपर्यंत रबराचा तुकडा दुधावरच्या सायीसारखा निघून आला आणि टाचणीएवढं भोक ज्वारीच्या दाण्याएवढं झालं.

शुक्रवारी काम मी माझ्याकडे घेतलं. आमच्या इंग्रजी शाळेत आधी सूचना वाचायच्या, मग पेन उचलायचं, अशी शिस्त होती. प्लॅस्टिकसाठीचं सोल्युशन आणि पारदर्शक ठिगळ आणवलं. पाकिटावरचं इंग्रजी सगळ्यांना मराठीत वाचून दाखवलं : हवा पूर्ण काढा, कोरडं पुसा, पातळ थर लावा, वजन ठेवा, चोवीस तास हलवू नका. भोक मोठं झालं होतं, म्हणून थर मी जरा सढळ हातानं दिला. ठिगळ बसवून अकरा वाजता वर लोखंडी खल ठेवला.

"आजी," थोरला म्हणाला, "उद्या सातला तर वीसच तास होतात."

"तू गप्प बस."

जेवणाच्या आत आजोबांनी खल दोनदा उचलला.

"कशाला उचलता सारखं?"

"पकडलं का ते पाहून राहिलो फक्त. काहून चिडून राहिली?"

दुपारी तिसऱ्यांदा उचलताना सापडले, तेव्हा मात्र मी तुमच्या दोघांसमोर ओरडले, "आता हे बदक फाटलं ना, तर तुमच्यामुळे!" धाकटीच्या लक्षात राहिलं ते हे.

शनिवारी साडेसहाला खल काढला. ठिगळ छान घट्ट बसलं होतं. पंप मारला. डोकं वर आलं, छाती भरली, पण मागचा भाग तसाच चपटा. माझं सोल्युशन भोकातून आत उतरलं होतं आणि वजनाखाली वरचा पदर खालच्या पदराला चिकटला होता. याबद्दल पाकिटावर एक अक्षर नव्हतं.

"थांब, कोमट पाण्यात ठेवू," आजोबा म्हणाले.

पावणेसात झाले होते. मी थांबले नाही. ओढलं. टर्रकन आवाज झाला आणि चार बोटं जातील एवढी फाट पडली.

धाकटी पोहण्याचे कपडे घालून दारात उभी होती. "आजी, बदक बीमार है?"

तरी आम्ही गेलो. थोरला आणि आजोबा पाण्यातून हाका मारत होते. धाकटी पहिल्या पायरीवर बसून राहिली. मी साडी वर खोचून तिच्याजवळ पाण्यात उभी राहिले आणि म्हटलं, "ये, मी धरते." तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. नऊला शिटी वाजली, तेव्हा तिचे घोट्यापर्यंत पाय तेवढे भिजले होते.

परतताना रिक्षात मी आजोबांना म्हटलं, "सोल्युशन मीच जास्त लावलं."

"मग, मी काही म्हटलं का?"

"नाही ना! तेच तर."

ते काही बोलले असते तर मला उलट बोलता आलं असतं, आणि मग कदाचित बरं वाटलं असतं. आमच्या मधे बसलेल्या धाकटीनं विचारलं, "कल फिर आएँगे?" दुसऱ्या दिवशी दुपारी तुमची गाडी होती. मी पदरानं तिचे पाय पुसत राहिले; ते केव्हाचेच वाळले होते.