फरशीवाल्याची दोन चाळीस

फरशीवाला दिवसभर गुडघ्यांवर आणि पहाटे पायांवर. मॅरेथॉन दोन तास चाळीस मिनिटांच्या आत मारली, की पुढच्या वर्षी पहिल्या रांगेत, नावाजलेल्या धावपटूंच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायला मिळणार होतं. वय एक्केचाळीस. तीन वर्षं तो त्या वेळेच्या मागे हात धुऊन लागला होता.

सराव गोदामांभोवतीच्या रस्त्यावर. मनगटावरच्या घड्याळाने सांगितलेलं अंतर त्याला पटत नसे. आपल्या हाताने मोजलं तेच खरं. म्हणून बायकोला सोबत नेऊन त्याने लांब टेपने फेरी मोजली आणि एक किलोमीटरवर रंगाची रेघ मारली. त्या रेघेप्रमाणे त्याचा वेग दोन एकोणचाळीसचा भरत होता. स्वारी खुशीत होती.

शर्यतीला दोन महिने उरले असताना घरच्या स्वयंपाकघराची फरशी बदलायला काढली. टेपचं टोक बायकोच्या हातात दिलं.

"अगं, टोक भिंतीला काय टेकवतेस? तीस सेंटिमीटर सोडून धर!"

"सोडून कशाला?"

"पहिले तीस सेंटिमीटर तुटलेत ना. माझा कामावरचा जोडीदार न सांगता तेवढं सोडूनच धरतो."

"अहो, मग रस्त्यावर 'टोक खुणेवर धर, हलू नकोस' असं माझ्यावर कोण खेकसत होतं?"

फरशीवाल्याने खडूने जमिनीवरच हिशेब मांडला. टेप तीस मीटरची. दर ओढीला तीस सेंटिमीटर कमी, किलोमीटरला दहा मीटर, अख्ख्या शर्यतीत चारशे वीस.

"चारशे वीस!" तिला हसू आवरेना. "आकडा अगदी शोभून दिसतोय तुम्हाला."

"हस. दीड मिनिट गेलं माझं. चाळीसच्या बाहेर फेकला गेलो."

दुसऱ्या दिवशी नवी टेप आणून त्याने रेघ दहा मीटर पुढे सरकवली. फेरीची वेळ मात्र तीच ठेवली. पहिल्या आठवड्यात शेवटच्या फेऱ्यांना पाय शिशाचे झाले, एकदा भिंतीला धरून ओकला. जोडीदार म्हणाला, "सिमेंटची पोती मी उचलतो, तू पाय सांभाळ."

"पोती आपापली," तो म्हणाला आणि उचलली.

बायको सायकलवरून वेळ मोजायची. "दोन सेकंद उशीर! मी गिऱ्हाईक असते तर फरशी उखडायला लावली असती."

सातव्या आठवड्यात तो वेळेवर येऊ लागला.

शर्यतीत शेवटच्या दोन किलोमीटरला पोटऱ्या दगड झाल्या. त्याने वर पाहिलंच नाही. एकेक पाऊल टाकत राहिला. रेषा ओलांडून आडवा पडला आणि पंचाला विचारलं, "किती?"

"दोन एकोणचाळीस अठ्ठेचाळीस."

"परत सांगा."

पंचाने सांगितलं.

"आणखी एकदा."

कुंपणापलीकडून बायको ओरडली, "अहो, उठा आता! मागच्यांना पडायला जागा द्या!"