केसरीनाथांची खळ

टेमघरच्या केसरीनाथ तरे यांना जगातली एकही गोष्ट नीट झालेली कधी आढळली नाही. रस्ता झाला तर तो वाकडा, लग्न झालं तर वरण पाणचट. मयतीला गेले तरी परत येऊन सांगायचे, की खांदेकऱ्यांना चालायची शिस्त नव्हती. हे सगळे निकाल ते ओटीवर बसून देत. ओटी म्हणजे त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली. तिला रस्त्यावर उघडणारं वेगळं दार होतं, मोठी खिडकी होती आणि खिडकीशी एक लोखंडी खुर्ची होती. सकाळी चहा घेऊन केसरीनाथ त्या खुर्चीत बसले, की येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्यासमोर आरोपी.

नोकरी सायझिंगच्या कारखान्यात झाली होती. सूत लूमवर चढण्याआधी त्याला पिठाची उकळती खळ पाजावी लागते. त्याशिवाय धागा ताण सोसत नाही. ती खळ शिजवणाऱ्यांवर केसरीनाथ मुकादम होते. भिवंडीत विणलं गेलेलं सगळं कापड आपल्याच खळीवर उभं आहे, अशी त्यांची पक्की समजूत होती. हाताखालची माणसं मात्र म्हणायची, मुकादमाच्या हाताला खळ आहे, तोंडाला नाही.

निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, तोंडाची सवय सुटली नाही. मुलगा राकेश दापोड्याच्या गोदामात ड्युटीला. त्याची बायको रुचिका कल्याणला एका बाईंकडे जाऊन ब्रेड करायला शिकली. तिचा ब्रेड साधा होता: मैदा, थोडी कणीक, यीस्ट, मीठ, साखर, तेल. दुकानातल्यापेक्षा स्वस्त पडायचा आणि दुसऱ्या दिवशीही मऊ राहायचा. राकेश डब्यात नेऊ लागला, तर शिफ्टवरची माणसं मागू लागली. मागणी वाढली तशी स्वयंपाकघरात जागा पुरेना. ओव्हन मांडला, की सासूबाईंना, म्हणजे कलावतीबाईंना, भाकरीची परात ठेवायला जागा उरत नसे. तेव्हा राकेशने एका रात्री जेवताना भीतभीत विषय काढला, की ओटी रुचिकाला द्यावी. दार रस्त्यावर आहे, गिऱ्हाइकाला बरं पडेल.

केसरीनाथांनी हातातला घास खाली ठेवला. ओटी द्यायची म्हणजे खुर्ची उचलायची, आणि खुर्ची उचलायची म्हणजे मागल्या दारी, धुण्याच्या दगडाशेजारी बसायचं. तिथून शेजाऱ्याच्या भिंतीशिवाय काहीही दिसत नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांना नावं ठेवली, त्याने आता भिंतीला ठेवायची?

हे ते बोलले नाहीत. ते ब्रेडवर घसरले. ब्रेड म्हणजे काय, तर फुगलेलं पीठ. अक्कल कमी असली की माणूस फुगतो, तसंच ते. त्याला क्लास लागतो, ओव्हन लागतो, आता खोलीही लागणार. ज्या माणसाने पिठात हाडं झिजवली, त्याला या गमजा सांगू नयेत. शेवटी ते ताटावर हात आपटून म्हणाले, "कुकरात करून दाखवतो. ओव्हन नको, क्लास नको. हिच्यापेक्षा स्वस्तात."

कलावतीबाई इतक्या वर्षांत नवऱ्याच्या बोलण्यात पडल्या नव्हत्या. त्या दिवशी पडल्या. भाकरी वाढता वाढता त्या शांतपणे म्हणाल्या, "मंग करा. रईवारी आक्का येनार हाय. तिला चावला तर ओटी तुमची, न्हाय तर पोरीची."

आक्का म्हणजे केसरीनाथांची थोरली बहीण. राहायची गणेशपुरीला. या माणसाला दटावू शकणारी तेवढी एकच व्यक्ती आता हयात होती, आणि तिच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. मऊ म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणी सांगू शकलं नसतं. केसरीनाथांनी पैज घेतली. न घेऊन करतात काय, तोंडातून शब्द गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. कुकरची शिट्टी आणि रबर काढून तळाशी जाड मीठ पसरलं. ही युक्ती त्यांनी राकेशच्या मोबाईलवर पाहिली होती आणि पाहताना त्या दाखवणाऱ्या बाईलाही चार शब्द सुनावले होते. परातीत मैदा घेतला. यीस्टचे दाणे तळहातावर घेऊन त्यांना हसू आलं. मोहरीहून बारीक दाणे, हे काय पीठ उचलणार! मग त्यांनी गॅसवर पातेलंभर पाणी खळखळा उकळवलं.

रुचिका दारात उभी होती. तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "बाबा, पाणी कोमट घ्या. उकळत्या पाण्याने यीस्ट मरतं."

"पिठाला थंड पाणी घालणारी माणसं मी पाहिलीत," केसरीनाथ म्हणाले. "त्यांच्या खळीत गाठी होतात. जा, चहा ठेव."

ती चहा ठेवायला गेली, आणि त्यानंतर तिने त्यांना काहीही सांगितलं नाही.

पीठ मळून त्यांनी त्यावर घरातलंच एक कोरं कापड घातलं आणि ते फुगण्याची वाट पाहत ओटीवर जाऊन बसले. दुपारी येऊन बघतात, तर गोळा होता तेवढाच. फुगला नव्हता, पण कापडाला असा चिकटला होता, की कलावतीबाईंना ते कापड सुरीने खरवडून काढावं लागलं. तसाच त्यांनी तो भाजला. भाजून ओट्यावर ठेवला, तेव्हा दगडावर दगड ठेवल्याचा आवाज झाला. तुकडे करून मागल्या दारी टाकले, तर कोंबड्यांनी एकेक चोच मारून पाहिली आणि त्या पुन्हा उकिरड्याकडे वळल्या.

चूक अर्थातच त्यांची नव्हती. वाण्याने मैदा जुना दिला. गॅसला जोर नव्हता. मिठात ओल होती. पुढच्या खेपेला त्यांनी यीस्ट दुप्पट घातलं आणि पाणी आणखी उकळलं. त्यात मरणाऱ्या दाण्यांची संख्या दुप्पट झाली, एवढाच फरक. तिसऱ्या खेपेला गोळा परातीतून निघेनाच. कलावतीबाईंनी परात पालथी धरली, तरी तो वर लटकून राहिला. त्या म्हणाल्या, खळ मात्र झ्याक झालीय हो. केसरीनाथांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

असा शनिवार उजाडला आणि मावळला. रविवारी पहाटे केसरीनाथ पिशवी घेऊन बाहेर पडले. जवळच्या बेकरीकडे ते फिरकले नाहीत. तिच्या पावाला त्यांनी आयुष्यभर कापूस म्हटलं होतं. नाक्यापलीकडे, जिथे त्यांना कोणी ओळखत नव्हतं अशा बेकरीत जाऊन त्यांनी चार पावांची गरम लादी घेतली, वर कोथिंबिरीची जुडी टाकली आणि घरी आले. दोघी बायकांना त्यांनी स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. कारण काय, तर पिठाला नजर लागते. एरवी नजर-बिजर मानणाऱ्यांना ते अडाणी म्हणत. लादी कुकरमध्ये नीट बसत नव्हती, म्हणून त्यांनी ती हाताने थोडी दाबली, झाकण लावलं, गॅस बारीक केला आणि कपाळाचा घाम पुसला.

आक्का एसटीने आली. पाय धुतले, चहा मागितला, आणि पदर खोचून ओट्याजवळ पाटावर बसली. केसरीनाथांनी झाकण उघडलं. खमंग वास सुटला, वाफ निघाली, आणि आत फुगलेला, तांबूस, लुसलुशीत पाव. राकेशने वडिलांकडे अविश्वासाने पाहिलं. रुचिकाचा चेहरा उतरला. तो उतरलेला केसरीनाथांनी पाहिला आणि त्यांना बरं वाटलं. खोटं कशाला सांगा. खुर्ची वाचली होती.

आक्काने पाव ताटलीत घेतला. इकडून पाहिला, तिकडून पाहिला. वर मधोमध अधिकच्या चिन्हासारखी खूण होती आणि दाबलेले चारही कोपरे आता वाफेने टरारून वर आले होते. तिने एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"केसऱ्या, तुझा कुकर कसा हाय रं?"

"कसा म्हणजे? गोल."

"आन् ह्यो पाव?"

केसरीनाथांनी कुकरकडे पाहिलं, पावाकडे पाहिलं, पुन्हा कुकरकडे पाहिलं. मग ज्या माणसाला आयुष्यात उत्तर सुचलं नाही असं कधी झालं नव्हतं, तो म्हणाला, "मैदा चांगला असला, की फुगताना कोपरे काढतो."

कलावतीबाईंनी तोंडाला पदर लावला, पण खांदे हलायचे ते हललेच. आक्का हसली नाही. तिने पाव चहात बुडवला, हिरड्यांनी सावकाश चघळला आणि म्हणाली, "मऊ हाय. ज्यानं केला त्याला सांग, म्हातारीला आवडला." रुचिकाही हसली नाही. तिने गुपचूप पिशवीतली कोथिंबीर काढून निवडायला घेतली. केसरीनाथांना कोणाच्या हसण्यापेक्षा ते अधिक झोंबलं.

संध्याकाळी राकेशने लोखंडी खुर्ची मागल्या दारी नेऊन ठेवली. ओटीवर ओव्हन आला, टेबल आलं. रुचिकाने मोठ्या कागदावर 'घरगुती ब्रेड मिळेल' असं लिहून तो बाहेरच्या भिंतीवर चिकटपट्टीने लावला. भिंत चुन्याची, जराशी ओलसर. कागद पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. चौथ्यांदा पडला तेव्हा केसरीनाथांना मागल्या दारी बसवेना. ते येऊन उभे राहिले, त्या चिकटपट्टीची आणि ती बनवणाऱ्यांची सालटी काढली, आणि आत गेले. पातेल्यात पाणी उकळवलं, त्यात मैदा सोडला आणि हात न थांबवता घोटत राहिले. एक गाठ होऊ दिली नाही. मग आपल्या हाताने भिंतीला खळ लावून कागद दाबून बसवला.

ते उकळतं पाणी आणि तो मैदा, एकदाचे योग्य जागी लागले. पुढे पावसाळा आला आणि गेला, त्या कागदावरची अक्षरं विटली, पण कागदाचा कोपराही सुटला नाही.

आता केसरीनाथ आल्यागेल्याला सांगतात, खोली आमची, खळ आमची, सून आपली पीठ तेवढं मळते. रोज संध्याकाळी ओटीवरून ब्रेडचे दोन तुकडे उचलून ते मागल्या दारी खुर्चीत जाऊन बसतात, शेवटच्या कणापर्यंत खातात, आणि मीठ कमी पडलं असा निकाल देतात. ऐकायला तिथे कोणी नसतं. समोर शेजाऱ्याची भिंत असते. तीही वाकडी आहे, हे त्यांचं शेजाऱ्याला सांगून झालं आहे.