जिन्याखालच्या किल्ल्या

माझ्या भाचीला घरात सगळे ‘वकीलसाहेब’ म्हणतात, कारण लहानपणी दूध प्यायचं की नाही यावरही ती हुज्जत घालायची. कॉलेजात तिचा मुख्य विषय रसायनशास्त्र. जोडीला तिने ‘कायदा आणि समाज’ घेतला, तेव्हा माझ्या भावाने कपाळाला हात लावला. “ना धड वकील, ना धड शास्त्रज्ञ! पुढच्या वर्षी हे खूळ बंद.”

पण खुळाचा उपयोग पहिल्यांदा त्यालाच झाला. तो आमच्या इमारतीचा सेक्रेटरी. जिन्याखाली एक शिवणकामवाल्या बाई मशीन मांडून बसायच्या. त्यांना उठवायचं कमिटीने ठरवलं होतं. आग लागली तर जिना मोकळा हवा, हा नियम भाचीने शोधून दिला. भाऊ जाम खूश. तेच लिहून तिने कॉलेजात प्रकल्प म्हणून दिलं, आणि मॅडमनी परत केलं. “नियम बरोबर आहे. पण त्या बाई गेल्या तर कुणाकुणाचं अडेल?”

भाची तोंड पाडून घरी आली. दुसऱ्या दिवसापासून कॉलेज सुटलं की जिन्याखाली स्टूल टाकून बसू लागली. बाईंनी तिला बटणं लावायला बसवलं. फुकट कोण बसू देतं! मशीनमागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला कुणाच्या तरी घराची किल्ली. शाळेतून लवकर सुटलेली पोरं, किल्ली विसरणारे आजोबा, सगळे तिथेच यायचे. आमचीही किल्ली तिथेच.

“आत्या, मी यांनाच घालवायला निघाले होते गं,” ती मला म्हणाली. तिचे डोळे भरले होते. मला तिचा फार अभिमान वाटला, पण तोंडावर कशाला बोला, आधीच कमी शेफारली आहे का!

कमिटीच्या बैठकीत बाई स्वतःच आल्या. पिशवीतल्या किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या. “जायचंच आहे, तर ज्याची त्याने घ्या.”

कुणी हात पुढे करेना. “मग माझी ठेवू कुणाकडे?” आजोबा पुटपुटले.

भाची उठली. “जिना मोकळा हवाच. पण फाटकाजवळची सायकलींची खोली नुसती भंगाराने भरलीय. ती बाईंना देऊया. तिथून येणारा-जाणाराही दिसेल.”

सगळ्यांनी सेक्रेटरीकडे पाहिलं. भावाने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“भंगार जास्त माझंच आहे,” तो म्हणाला. “रविवारी काढतो.”

मग आमच्या घराची किल्ली उचलून त्याने बाईंच्या हातात दिली. जिना चढताना मी मुद्दाम मागे राहिले. पुढे भाऊ भाचीला विचारत होता, “पुढच्या वर्षी त्या विषयात काय काय असतं गं?”