बीपी उतरावं म्हणून बसायला लागलो...

महिन्यापूर्वी एका मंगळवारी, रत्नागिरीत डोळ्यांच्या दवाखान्यात जे झालं ते सांगतो. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या...

माझ्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. होतं म्हणजे, तिसऱ्यांदा होतं! आधी दोनदा हिरवा झगा घातला, कपाळावर खुणेची पट्टी चिकटवली, बीपी मोजलं आणि घरी पाठवलं. एकशे नव्वद... डॉक्टर म्हणाले, काका, एवढ्या बीपीवर डोळ्याला हात लावता येणार नाही.

डावा डोळा लहानपणीच अधू झालाय, काजूबिया भाजताना टरफलातलं तेल उडालं होतं. म्हणजे उजवा गेला की सगळंच गेलं. हा विचार आला की बीपी अजून चढायचं.

मी जन्माचाच घाबरट. मुलगा जयगडला पोर्टवर कामाला आहे, त्याची बाईक दहा मिनिटं उशिरा आली की मी फाटकात उभा. गॅस बंद केला का, विहिरीचा पंप चालू राहिला का... एक संपलं की दुसरं. यावर माझी बायको सुमन चाळीस वर्षं एकच वाक्य म्हणत आली, "काही होत नाही ओ."

डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि रोज थोडा वेळ शांत बसायला सांगितलं. आमच्या वाडीत एक निवृत्त शिक्षिका आहेत, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्या देवळाच्या सभामंडपात सकाळी ध्यान शिकवतात. गेलो. डोळे मिटा, श्वास येतो-जातो तो बघा... एवढंच.

दोन मिनिटांत माझा एक डोळा उघडायचा. घड्याळ बघ, चपला जागेवर आहेत का बघ. घरी आलो की आधी बीपीचं मशीन दंडाला. पाच मिनिटांनी परत. मग दुसऱ्या दंडाला. आकडा उतरायचं नाव नाही, उलट वरच!

पंधरा दिवसांनी सुमनने मशीनच उचललं. "ओ, ही काय आंब्याची अढी आहे? घटकेघटकेला उकलून बघताय ती!"

पस्तीस वर्षं मी आंब्याच्या बागेत पॅकिंगचं काम केलंय. आंबे गवतात लावून अढी घातली की ती सारखी उकलायची नाही. आतली ऊब जाते, फळ धड पिकत नाही. यावरून नवीन गड्यांना मी किती ओरडलोय...

"तुम्हीच म्हणायचात ना, घातली की विसरून जा?"

"विसरून नाही काही. वासावर ओळखायची, म्हणायचो."

"मग वास येईपर्यंत थांबा की!" असं म्हणून तिने मशीन पिठाच्या डब्यामागे ठेवलं. आठवड्यातून एकदाच मिळेल म्हणाली.

त्यानंतर बसणं जमायला लागलं. विचार येतातच... पंप, बाईक, डोळा. येऊ देत. मी उकलून बघत नाही, परत श्वासाकडे येतो. आधी पाच मिनिटं, मग दहा, तीन महिन्यांत वीस.

खांदे नेहमी कानाशी आवळलेले असायचे, ते खाली आले. झोप लागायला लागली. एकदा जेवताना सुमनला विचारलं, आज कालवणाला वास कसला छान येतोय? म्हणाली, "रोजचंच तिरफळ आहे. आज कळलं होय?"

आणि मग तो मंगळवार. झगा, पट्टी, बीपी. मी डोळे मिटून बसलो होतो. सिस्टरने दोनदा मोजलं... एकशे अडतीस! आत न्यायचं ठरलं.

सुमनला सांगावं म्हणून बाहेर आलो. ती बाकावर बसली होती, रिपोर्टची पिशवी छातीशी धरून. पुढे वाकलेली, डोकं जवळजवळ गुडघ्यांना टेकलेलं. मला वाटलं, हिला चक्कर आली.

"काय गो, काय झालं?"

"भीती वाटते ओ मला," ती म्हणाली. "मागच्या दोन्ही वेळी वाटली. तुम्हाला परत पाठवलं की बरं वाटायचं... पण तुम्ही आधीच तसे. तुमच्यासमोर बोलणार कशी?"

चाळीस वर्षांत हे मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. काही होत नाही, हे तिचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं. शेजारी बसलो आणि तिचा हात हातात घेतला... सगळ्यांसमोर, त्या हिरव्या झग्यात! म्हटलं, डोळे मीट. श्वास येतोय ना, तो फक्त बघ.

सिस्टर दारात येऊन थांबली, पण तिने घाई केली नाही. हळूहळू ती ताठ बसली, छातीशी धरलेली पिशवी मांडीवर आली. मग मी आत गेलो.

ऑपरेशन चांगलं झालं. आता सकाळी आम्ही दोघंही बाईंकडे जातो.

कोणी विचारलं तर सांगतो, बीपी, झोप, सगळ्याला फायदा होतो, फक्त गोळ्या सोडू नका. पण माझ्यापुरतं खरं सांगू? घरातली भीतीची सगळी जागा मी एकटाच अडवून बसलो होतो... या वयात जरा सरकलो, तेव्हा कुठे हिला टेकायला मिळालं.