चौथी वाटी

दुपारची जेवणं आटोपून मी पुस्तक घेऊन आडवी होते. अन्नसुरक्षा कायदा, नमुना घेण्याचं प्रकरण. उद्या सकाळी पेपर आणि डोक्यात नुसता भुसा. त्यात आज संध्याकाळी नणंदेच्या सासरची मंडळी मुक्कामाला येणार. श्रीखंडाचा चक्का टांगलाय, खाली पातेल्यात थेंब वाजतायत. मी मनाशी ठरवूनच टाकलंय, यंदा पेपर द्यायचा नाही. चाळिशी उलटलेल्या बाईला कोण विचारतंय, कलमं किती पाठ आहेत म्हणून! डोळे जड होतात.

थेंब वाजायचे थांबतात. मी परीक्षेच्या वर्गात बसलेय, पण फळ्याच्या जागी आमच्या स्वयंपाकघराची खिडकी आहे. बाकावर हात ठेवते तर तो ओटा. ओट्यापाशी पदर खोचून आई पुरणयंत्राचा दांडा फिरवतायत. आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली.

"आई, तुम्ही?"

"मग काय शेजारीण येणार? चारोळी दे इकडे."

मी डबा देते. "तुम्ही गेल्यापासून घर खायला उठतं हो."

"घर कशाला खातंय? तूच धड खात नाहीस, विभा."

बोलता बोलता ओट्यामागे आमचं दुकान दिसायला लागतं. आम्ही दोघी श्रीखंड विकायचो, ते घरापुढचं एवढंसं दुकान. दारात तेच अधिकारी उभे आहेत, जे एकदा खरोखर नमुना न्यायला आले होते. तेव्हासारखेच घामाघूम, हातात नोट.

"आजी, पैसे घ्या हो."

"दारी आलेल्याला वाटीभर श्रीखंड द्यायचं आणि पैसे मागायचे? जीभ झडेल माझी!"

"अहो, विकत घेतल्याशिवाय नमुना धरत नाहीत. कायदाच आहे तसा."

अगदी असंच झालं होतं. निम्मी गल्ली जमली होती बघायला. शेवटी मीच नोट घेतली, तर आईंनी वर त्यांना खायला वेगळी वाटी भरून दिली. बिचारे ती खाऊही शकेनात. नमुना उत्तम निघाला, पण आईंना ते लागलं. त्या रात्री मला म्हणाल्या, "आपण विकतो आणि आपल्यालाच नियम ठाऊक नाहीत. तू शीक. चूल मी बघते." आणि बघितलीही. मी वर्गाला जायचे तेव्हा गुडघे धरून धरून पोळ्या लाटल्या माऊलीनं.

आता अधिकारी नाहीत. ओट्यावर चार वाट्या आहेत, एकाच नमुन्याचे चार भाग. आई डाव रोखून विचारतात, "पहिली कुणाची?"

"तपासणाऱ्याची."

"पुढच्या दोन?"

"वरच्या अधिकाऱ्याच्या कपाटात, जपून."

"आणि चौथी?"

मला आठवत नाही. वर्गातली सगळी बाकं माझ्याकडे बघतायत. "राहू दे आई, मी नाहीच देत पेपर."

आई चौथी वाटी बाजूला सरकवतात आणि तिच्यावर ताटली पालथी घालतात. अगं बाई! हे तर मी लग्न होऊन आले तेव्हापासून रोज बघितलंय. आमच्याकडे आधी पुरुष, मग पाहुणे, बायका शेवटी. पातेलं खरवडायची वेळ यायची. पण पंगत बसायच्या आधी आई एक वाटी अशीच झाकून ठेवायच्या, माझ्या नावाची. कुणी विचारलं तर म्हणायच्या, करणारीचा वाटा आधी काढावा.

"ज्याचा माल, त्याची!" मी ओरडते. "त्यानं मागणी केली तर चौथा भाग दुसऱ्या प्रयोगशाळेत जातो. करणाऱ्याचा हक्क आहे तो!"

"आलं की! उगाच रडत होतीस."

त्या ती वाटी माझ्या तळहातावर ठेवतात. स्टीलची, गार, काठाखाली 'सौ. यमुना' कोरलेली.

"आई, मी आज जी काही आहे ती तुमच्यामुळे. हे कधी बोलले नाही मी."

"पुरे गं. घट्ट धर, सांडशील."

मी घट्ट धरते.

थेंब पुन्हा वाजायला लागतात. पुस्तक पोटावर, बाहेर दुपारचं ऊन. हात रिकामा आहे. पण तळहातावर एक गोल वळ उठलाय, लालसर, आणि तेवढाच भाग गार लागतोय.

मी उठून बाहेरच्या खोलीत जाते. "अहो, उद्या सकाळी पाहुण्यांचं तुम्ही बघायचं. माझा पेपर आहे."

हे हातातलं वर्तमानपत्र खाली करतात. "आणि श्रीखंड?"

"करून ठेवते. माझी वाटी आधी काढून."

मांडणीवरून आईंची वाटी घेते आणि तळहातावर ठेवते. काठ वळावर बरोब्बर बसतो.