मोराचा ड्रेस

आज सकाळी इथे सुरतेत एक बाई मुलीला आणि तिच्या नाचाच्या ड्रेससाठी निळं सॅटिन घेऊन आली. चुण्या मोडायला मी त्यावर इस्त्री फिरवली आणि त्या गरम वासासरशी मनाने गावाकडं जळोचीत, शोभाकाकूंच्या शिवणाच्या दुकानात जाऊन बसले.

आठवीत शाळा सुटलेल्या मला काकूंनी शिवण शिकवलं, वर जेवूही घातलं. शाळांच्या गॅदरिंगचे ड्रेस आम्ही शिवायचो. काकूंचं एकच सांगणं असायचं, "भाव सांगताना टेपाकडं बघायचं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं न्हाय. न्हायतर तू पाघळशील."

एकदा काकू बाजारात गेल्या असताना एक बाई दुसरीतल्या लेकीला घेऊन आली. लेक मोर होणार होती. मी माप घेतलं आणि टेपाकडं बघत काकूंनी ठरवलेला भाव सांगितला, "आठशे."

बाईने कमरेची पिशवी चाचपली. मग पोरगीच म्हणाली, "आये, मी झाड हुते गं. झाडाला तुजी हिरवी साडी चालती. आन् नाचाया बी लागत न्हाय."

"व्हय की गं," म्हणत आई हसली आणि दोघी पायरी उतरून गेल्या. भाव उतरवायचा हक्क मला नव्हता, म्हणून हाकही मारली नाही. टेप माझ्या हातात तसाच, पोरीच्या बावीस इंचांवर बोट दाबून धरलेला.

काकूंना बोल लावणार नाही. माझी मशीन त्यांच्याच शिकवण्यावर चालते. पण आज त्या बाईने भाव विचारला, तेव्हा मी टेप हातात घेतला, खाली ठेवला आणि तिच्या मुलीकडं बघत राहिले. आकडा तोंडातून निघेचना.